घरची लस

आमच्या कोन गावात कोणाच्या हळदीला गेलं की मला दोनच प्रश्न विचारतात. जेवलीस का, आणि तुझी लस कधी येणार. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्याचं मी सुरुवातीला मन लावून द्यायचे, उंदरांपासून परवानग्यांपर्यंत सगळं सांगायचे, पण डीजेसमोर उभं राहून कोणाला काय ऐकू जाणार! "काय? उंदीर? कुठंय उंदीर?" असं म्हणत एकदा एक मावशी खुर्चीवर चढल्या. तेव्हापासून मी "होईल, होईल" म्हणते आणि मटणाच्या रांगेत जाऊन उभी राहते.

मी चिडकी आहे, हे आधीच सांगून ठेवते. आई म्हणते, ही जन्मली तीच भांडत. त्यामुळे पुढे जे काही आवाज चढवून बोललेलं येईल, ते माझंच आहे असं समजा.

नोकरी भिवंडीजवळ काल्हेरला. तिथे गोडाऊनच्या रांगाच रांगा आहेत, त्यातल्या एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर आमच्या छोट्या कंपनीचा गाळा आहे. खालच्या मजल्यावर लोकांनी मोबाईलवर मागवलेल्या चपला, मिक्सर आणि पडदे, वर आम्ही. आमच्या मालकांना ठाण्यातलं भाडं झेपलं नाही, म्हणून विज्ञान काल्हेरला आलं. आम्ही फ्लू आणि त्याच्यासारख्या छातीत उतरणाऱ्या आजारांवर नॅनोकणांची लस बनवायचा प्रयत्न करतो. प्रयत्न हा शब्द मी दर वेळी ठासून म्हणते आणि घरी तो कोणीही ऐकत नाही.

बाबांनी एकदा विचारलं होतं, "हे नॅनो म्हंजे किती बारीक? तांदळाच्या कनीएवढं?" मी म्हटलं, कणी दळून पीठ करा, त्या पिठाचा एक कण घ्या, तोही आमच्या कणापुढे डोंगर. ते म्हणाले, "मग तुला दिसतंय कसं?" मी म्हटलं, दिसत नाही, मशीन सांगतं. "म्हंजे तुला ठाऊक न्हाय, मशीनला ठाऊक हाय," असं म्हणून ते समाधानाने बिडी शोधायला लागले. बिडी आईने केव्हाच पाण्यात टाकली होती.

मग मी त्यांना त्यांच्या भाषेत सांगितलं. व्हायरसच्या अंगावर एक प्रथिन असतं, तोच त्याचा चेहरा. आम्ही चेहरा तेवढा तयार करतो आणि एका इवल्याशा गोळ्यावर चहूबाजूंनी बसवतो. आत चोर नाहीच, नुसते चोराचे मुखवटे. शरीर ते मुखवटे बघून ठेवतं, आणि खरा चोर आला की गचांडी धरतं. बाबांचे डोळे चमकले. "आगं, म्हंजे शिमग्याचं सोंग!" तरुणपणी ते स्वतः शिमग्याला सोंग घ्यायचे, त्यामुळे त्यांना ते एकदम पटलं. संध्याकाळपर्यंत नाक्यावरच्या कट्ट्यावर सगळ्या म्हाताऱ्यांना ते पाठ झालं होतं. खरं सांगते, आमच्या मालकांनी पैसेवाल्यांसमोर केलेली भाषणं मी ऐकली आहेत. बाबांचं त्याहून बरं होतं.

आता बाबांचा स्वभाव सांगायला हवा, कारण सगळा घोळ त्यातूनच झाला. बाबांना विकतचं चालत नाही. जमीन बरीचशी गोडाऊनवाल्यांना गेली, पण एक तुकडा त्यांनी हट्टाने ठेवलाय आणि वर्षाचा भात त्यातलाच. मसाला घरचा, डंकीवर समोर उभं राहून कुटून आणलेला. सुकट आईने अंगणात वाळवलेली. एका वर्षी आईचे हात दुखत होते म्हणून तिने गुपचूप दुकानातलं मसाल्याचं पाकीट आणलं, घरच्या बरणीत ओतलं आणि कालवण केलं. बाबांनी पहिला घास घेतला, आईकडे बघितलं, ताट बाजूला सरकवलं आणि विचारलं, "कोन मेलंय?" त्यानंतर घरात पाकीट आलं नाही. शेजारपाजारचे सगळे याच वळणाचे आहेत. जिन्नस घरात असताना तो आणायला दुकानात जाणं म्हणजे घरच्या बाईचा अपमान, हे आमच्याकडे पक्कं आहे.

बाबांची छाती मात्र पार कामातून गेलीय. ऐन उमेदीची वर्षं त्यांनी पॉवरलूमच्या शेडमध्ये काढली. तिथला कापसाचा धुरळा नाकातोंडात, वरून बिडी. गेल्या थंडीत त्यांना साधा फ्लू झाला आणि तो बघता बघता छातीत उतरला. दवाखान्यात नाकातोंडावर मास्क, बाजूला ऑक्सिजन, आणि हे हातवारे करून आईला विचारतायत की भाताची झोडणी झाली का. आई रडत होती आणि झाली झाली म्हणून मान हलवत होती. मी बाहेर बाकड्यावर बसले होते. आयुष्यभर ज्या आजारावर काम केलं तो आत माझ्या बापाच्या उरावर बसलाय आणि माझ्या हातात काही नाही. मला इतकी भीती कधीच वाटली नव्हती.

ते वाचले. सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मॅडम, पुढच्या थंडीच्या आधी यांना फ्लूची लस द्या. परत असं झालं तर मी काही सांगू शकत नाही." पाऊस ओसरला तशी मी बाबांच्या मागे लागले.

"बाबा, चला, लस घेऊन येऊ."

"तुझी झाली?" त्यांनी टुणकन उठून विचारलं.

"माझी नाही हो. फ्लूची जी मिळते ती. दवाखान्यातली."

"विकतची?" बाबा परत खाटेवर आडवे झाले. "पोरगी लस बनवतेय नि मी विकतची घेऊ? मना येड लागलंय?"

मी समजावलं, रागावले, आदळआपट केली, एक स्टीलचं भांडं चेपलं. मी म्हटलं, बाबा, लस म्हणजे मसाला नाही. ते म्हणाले, सगळं तेच हाय, ज्याच्या त्याच्या हाताचं असतं. आईने मला स्वयंपाकघरात ओढून नेलं आणि कानात सांगितलं, "बाय, तू दवाखान्यातली घरी आन. बोल, हीच माझी. त्यांना काय कळतंय?"

"आई! पाकिटाच्या मसाल्याचं काय झालं, विसरलीस?"

"ते तोंडाला लागतं. लस दंडाला."

या बाईपुढे वकील हरतील. पण मी ऐकलं नाही. माझी लस अजून माणसाला टोचायच्या जवळपासही नाही, आणि 'टोचली, बघा, काही झालं नाही' असं बाबा नाक्यावर सांगत सुटले असते, तर मी कोणाकोणाला थांबवणार होते? मी आईवरही ओरडले. त्या आठवड्यात घरात माझ्याशी फक्त मांजर बोलत होती.

नवरात्रात गावातल्या मुलांच्या मंडळाने समाजमंदिरात म्हाताऱ्यांसाठी फुकट फ्लूच्या लसीचं शिबिर ठेवलं. मी मनात म्हटलं, चला, सगळे जाताना बघून बाबाही जातील. ड्युटीवरून येताना मी मुद्दाम तिकडून आले. बघते तर मांडव, पाण्याचा जार, लशींचा थंड डबा, रांगेत मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, सगळं तयार, आणि त्यात एक नर्सबाई एकट्या बसलेल्या. कट्ट्यावरची मंडळी समोरच्या वडाखाली आरामात गप्पा हाणत होती. मधोमध बाबा.

नर्सबाईंना कोणीतरी मी कोण ते सांगितलेलं असावं. मला बघताच त्या उठल्याच. "या, तुमचीच वाट बघत होते. ताई, तुम्ही लस बनवता की बंद करता?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय? सकाळपासून एकेकाला बोलावतेय. एकच उत्तर. आमच्या गावच्या पोरीची येतेय, आम्ही तीच घेणार. बाकीच्या गावांत लोक सुईला घाबरतात, ते मला समजावता येतं. इथे कोणी घाबरतच नाही! नुसते थांबलेत! शेजारच्या शेलार गावात माझ्या लशी पुरल्या नाहीत आणि इथे डबा भरलेला तसाच."

मी वडाकडे बघितलं. बाबांनी मला लांबून हात केला, सगळ्या म्हाताऱ्यांनी हात केला. एक आजोबा ओरडले, "बाय, घाई न्हाय! सावकाश बनव!"

हसावं की तिथेच मांडी घालून रडावं, मला समजेना. इतकी वर्षं शिकून मी आमच्या गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना लस न घेता बसवून ठेवलं होतं. नर्सबाईंना मी म्हटलं, पुढच्या रविवारी तुम्ही परत या, मी बघते. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, त्यात फारसा विश्वास नव्हता.

त्याच आठवड्यात शुक्रवारी लॅबमध्ये दुसरा दणका बसला. आमची नवी लस उंदरांमध्ये छान चालली होती, आम्ही तिला काही महिने फ्रीजमध्ये ठेवून परत तपासत होतो. हे कण सुटे सुटे राहायला हवेत. तसे राहिले की मशीनच्या पडद्यावर एकच उंच सुळका येतो. त्या दिवशी दोन आले. बाजूचा दुसरा सुळका म्हणजे कण एकमेकांना चिकटून गुठळ्या झाल्यात. मी परत नमुना घातला, परत दोन. तिसऱ्यांदा घातला आणि मशीनला शिवी दिली. मशीनचा काही दोष नव्हता. जवळजवळ सगळं पहिल्यापासून करावं लागणार होतं. घरी मी कोणाला काही बोलले नाही.

दसऱ्याला आमच्या मालकांनी बाहेरच्या ऑफिसात पूजा ठेवली होती आणि घरच्यांना आणायला सांगितलं होतं. भिवंडीत दसऱ्याला लूम धुऊनपुसून हार घालतात, तेव्हा आमच्या मशीननी काय घोडं मारलंय, असं त्यांचं म्हणणं. मी बाबांना म्हटलं, चला, माझं काम तरी बघा. माझा बेत असा की मशीन, कागद, काचा सगळं बघितल्यावर त्यांना कळेल, हे काम किती लांबचं आहे. बाबा एका पायावर तयार झाले. सकाळीच अंघोळ, कडक इस्त्रीचा नवा शर्ट, हातात झेंडूचं हे भलंमोठं तोरण.

खाली वॉचमनने रजिस्टर पुढे केलं. "चाचा, इधर साइन करो. किससे मिलना है?"

"किसको नहीं मिलने का," बाबा रुबाबात म्हणाले, "मैं मेरे बेटी के कारखाने में आया है." वॉचमनने त्यांना सॅल्यूट ठोकला.

वर तोरणावरून धुमश्चक्री झाली. बाबांना ते थेट मशीनला घालायचं होतं, आणि आतल्या खोलीत तर आम्ही स्वतः टोपी, मास्क, अंगभर झगा घातल्याशिवाय जात नाही. "झेंडू आत गेला तर मला नोकरीवरून काढतील, बाबा." "देवाला येगळी खोली नि मशीनला येगळी?" असं पुटपुटत त्यांनी शेवटी तोरण चहाच्या मायक्रोवेव्हला घातलं. तो आज दिवसभर बंद राहील याची त्यांनी बजावून व्यवस्था केली.

मग मी त्यांना काचेतून आतलं सगळं दाखवलं. हे इथे प्रथिन बनतं, इथे गाळतो, या फ्रीजमध्ये ठेवतो. बाबा "हां, हां" करत होते, पण त्यांचं लक्ष फ्रीजवरच. बघून झालं तसे ते बाहेर येऊन खुर्चीवर ताठ बसले, डाव्या हाताची बाही खांद्यापर्यंत गुंडाळली आणि म्हणाले, "चल. दे."

"काय देऊ?"

"लस. मी सकाळपासनं उपाशी हाय."

क्षणभर मला कळेचना. आईने डब्यात भाकरी दिली होती ती त्यांनी रिक्षात का उघडली नाही, नवा शर्ट का, तो अर्ध्या बाहीचा का, सगळं तेव्हा डोक्यात शिरलं. बाबांना वाटलं होतं, मी त्यांना टोचायलाच बोलावलंय. दसऱ्याचा मुहूर्त, पहिला मान बापाचा. मला आधी फस्सकन हसू आलं. मग त्यांचा तो उघडा दंड दिसला. गेल्या थंडीपासून तो पार काटकुळा झालाय.

"बाबा, ती झालेली नाही," मी म्हटलं.

"फ्रीजमधी हाय ती काय मग?"

"ती बिघडली. तिच्या गुठळ्या झाल्या. शुक्रवारीच कळलं. आता परत करायची, मग परत उंदीर, मग मोठी जनावरं, मग परवानग्या, मग थोडी धडधाकट माणसं, मग खूप माणसं. किती वर्षं लागतील मला माहीत नाही. आणि इतकं करून ती येईलच, असंही नाही."

बाबांनी काचेकडे वळून बघितलं. बाही तशीच वर. मग हळूच म्हणाले, "गुठळ्या झाल्या तर तू घरात बोलली न्हाय?"

"काय बोलू? तुम्ही अख्ख्या गावाला सांगून ठेवलंय!"

"सांगनारच. बापानं न्हाय सांगायचं तर कोनी?" आता त्यांचाही आवाज चढला. माझा स्वभाव काही आकाशातून पडलेला नाही. "नि मी जाऊन दवाखान्यातली टोचून घेतली, तर लोक काय बोलतील? बोलतील, हिच्या बापालाच हिचा भरवसा न्हाय. हिच्या हातालाच चव न्हाय. मी मेलो तरी चालंल, तुझ्या कामाला कोनी नाव ठेवलेलं मना चालनार न्हाय!"

तोवर मी त्याला हट्ट समजत होते, मोठेपणा मिरवणं समजत होते. हा माणूस माझी अब्रू सांभाळायला छाती पणाला लावून बसला होता. मला इतका राग आला, इतकं प्रेम आलं, की मी आमच्या मालकांसमोर, त्यांच्या बायकोसमोर, आरतीच्या ताटासमोर ओरडले.

"चालेल काय चालेल? मला नाही चालणार! माझी लस येईल ना, बाबा, तेव्हा पहिला दंड मला तुमचा पाहिजे. तेव्हा मी बाप कुठून आणू?"

मालकांच्या हातातला पेढा तसाच. बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या दंडाकडे. सावकाश बाही खाली केली, नीट झटकली.

"डबा काढ," ते म्हणाले, "भूक लागली."

भाकरी आणि सुकटीचा वास आमच्या त्या स्वच्छ ऑफिसभर पसरला. मालकांनीही एक तुकडा मागून घेतला. घरी जाताना बाबा रिक्षात रिकामा डबा मांडीवर धरून बसले, आणि दवाखान्यातली लस घेणार का, हे विचारायचं मला धाडस झालं नाही.

रविवारी नर्सबाई परत आल्या. मी समाजमंदिरात पोचले तेव्हा खुर्च्या भरलेल्या होत्या, वडाखाली कुत्रं सोडून कोणी नव्हतं. बाबांनी मंडळींना काय सांगून आणलं ते मला एका आजोबांनी सांगितलं. पोरीचं सोंग मोठं हाय, त्याला तयारीला वेळ लागतोय, तवर हे घेऊ. पहिल्या खुर्चीवर तोच अर्ध्या बाहीचा शर्ट घालून बाबा. नर्सबाईंनी सुई काढली तेव्हा त्यांनी दुसरीकडे तोंड फिरवलं आणि माझा हात घट्ट धरला. एवढा मोठा माणूस सुईला घाबरतो हे मला त्या दिवशी कळलं.

टोचून झाल्यावर दंड चोळत त्यांनी विचारलं, "बाई, ही किती चालंल?"

"वर्षभर, बाबा. फ्लू दर वर्षी रूप बदलतो. पुढच्या वर्षी परत घ्यायची."

"पुढच्या वर्षी परत?" मला वाटलं आता हे उठून भांडतील. ते उठले नाहीत. त्यांनी थोडा विचार केला, बोटांवर काहीतरी मोजलं, आणि बाजूला रांगेत बसलेल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"मग माझं नाव पुढच्या वर्षाला लिवा. त्याच्या पुढच्याला बी लिवा. पोरीचं काम मोठं हाय, तवर मना जगायचं हाय."